काकूंची सवत

माझ्या वाढदिवसाला सकाळी सगळ्यांत आधी फोन येतो तो सरांचा. हॅपी बर्थडे नाही, आशीर्वाद नाही, काही नाही. एकच प्रश्न.

"किती झाले?"

"एकतीस, सर."

"वा वा वा! मूळ संख्या! या वर्षी तुला कोणी वाटून घेणार नाही बघ." आणि फोन बंद.

मागच्या वर्षी मी तीस सांगितले तेव्हा सरांनी दोनदा "तीस?" विचारून खात्री केली. मग म्हणाले, "जपून राहा गं पोरी. तिसाला दोन पण खातो, तीन पण खातो, पाच पण खातो. वर्षभर कागदावर सही करताना वाचून करत जा." मी हसले. आणि खरं सांगते, मागचं वर्ष भिकारच गेलं माझं.

सर म्हणजे माझे सर नव्हेत. त्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही, आणि बसले असते तर नापास झाले असते. ते माझे घरमालक. मी नांदेडहून नोकरीला हैदराबादला आले तेव्हा गौलीगुड्यात त्यांच्या घराची वरची खोली रिकामी होती. खाली टेलरचाचांचं दुकान, मधे सर आणि काकू, वर खोली, असं ते तीन मजल्यांचं चिंचोळं घर. ऑफिस लांब होतं, पण मेट्रो जवळ होती आणि मालक मराठी होते. आईला मालक मराठी हवे होते. मालक कसे आहेत ते तिनं विचारलं नाही.

खोली बघायला गेले तर सरांनी बस पण म्हटलं नाही. उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक खडू. निवृत्त होऊनही खडू! माझ्याकडे बघून म्हणाले, "एक्याण्णव मूळ आहे का?"

"काय?"

"मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कोणी भागत नाही ती. एक्याण्णव आहे की नाही?"

मी दोननं बघितलं, तीननं बघितलं, पाचनं बघितलं. "आहे," म्हटलं.

"तेरा साते एक्याण्णव," सर खूश होऊन म्हणाले. "खोली तुझी. गणित येणारा भाडेकरू नक्को मला, तो वाद घालतो."

आतून काकू ओरडल्या, "अहो, तिला आधी पाणी तरी विचारा!"

त्या घरात एक शब्द बंद होता. 'म्हणतात.' चुकून कोणी बोललं की संपलंच. काकूंनी म्हणावं, "आज पाणी येणार नाही म्हणतात." सरांनी लगेच, "कोण म्हणतं? नळ सोडून बघ." मी एकदा म्हटलं, "सर, कोठीच्या बाजारात अमुक दुकानातली वही चांगली असते म्हणतात." तर स्वतः चपला घालून गेले, वही आणली, तिच्यावर शाईचं पेन चालवून मागच्या बाजूला शाई फुटते का बघितलं, आणि वर येऊन मला सांगितलं, "फुटते. कोण म्हणत होतं?" मी काय सांगणार कपाळ!

या शब्दावर एवढा राग का, ते मला राहायला गेल्यावर आठवड्याभरात कळलं. सर शाळेत असताना त्यांच्या म्हाताऱ्या गणिताच्या मास्तरांनी तास संपता संपता फळ्यावर एक संख्या लिहिली होती. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. आणि म्हणाले होते, "ही मूळ आहे. शेवटचा अंक पुसा, उरते ती पण मूळ. परत पुसा, परत मूळ. पुसत पुसत एक अंक उरला तरी मूळच, असं म्हणतात." तेवढ्यात घंटा झाली. मास्तर गेले. पोरं घरी गेली. हा एक मुलगा त्या 'म्हणतात'पाशी अडकला तो अडकलाच.

हे सगळं सरांनी मला चाचांच्या दुकानात उभं राहून दाखवलं. अस्तराची एक पांढरी कतरण घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत आठ अंक लिहिले आणि चाचांची कात्री मागितली. कागद असता तर चाचांनी कात्री दिली नसती. कपड्याच्या कात्रीनं कागद कापणं म्हणजे त्यांच्या दुकानात गुन्हाच. सरांनी उजवीकडून एक अंक कापला. "७३९३९१३. मूळ." दुसरा कापला. "७३९३९१. मूळ." खच्च, खच्च, खच्च. "७३९३९. ७३९३. ७३९. ७३." शेवटी हातात बोटभर चिंधी. "सात. हिला कोण भागतो, बोल."

"आणि डावीकडून कापलं तर?" मी शहाणपणा केला.

"एकशे तेहतीस उरतील तेव्हा सातानं फुटेल. डावीकडून कापायचंच नाही. कपड्याला पण सुलटं-उलटं असतं. हौ की नै चाचा?"

"हौ साब," चाचा सुई तोंडात धरून म्हणाले. हे प्रवचन त्यांनी पन्नास वेळा ऐकलं असावं.

त्याच संध्याकाळी खोलीवर बसून मी फोनला विचारलं. सेकंदसुद्धा लागला नाही. मूळ आहे. सरांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. मी धावत खाली सांगायला निघाले आणि जिन्यातच काकूंनी अडवलं. हातात फोन बघूनच त्यांनी ओळखलं.

"विचारलंस ना त्याला? गिळून टाक. ह्यांना सांगशील तर खोली खाली कर. आधीच्या भाडेकरूनं सांगितलं होतं, महिनाभर बोलले नाहीत त्याच्याशी. म्हणाले, मला फोनचं नको, मला माझं पाहिजे."

मग मी गिळलं. जवळजवळ तीन वर्षं ते माझ्या पोटात होतं. एवढं तर मी माझ्या स्वतःच्या लग्नाचं पण गुपित ठेवलं नाही.

सरांचं स्वतःचं म्हणजे काय, तर हातानं भाग घालून बघणं. सात अंकांपर्यंतचं काम त्यांनी शाळेतच उरकलं होतं. सुलतान बाजाराजवळच्या मराठी शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, तिथं एका वर्षी वर्गात चाळीस पोरं होती. सात अंकांच्या संख्येला चारशेच्या आसपास मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. प्रत्येकाला दहा-दहा वाटून दिल्या, दिवाळीच्या सुट्टीत चाळिसांनी मिळून संख्या तपासली. एकाही पोराला भाग गेला नाही. ती पोरं आता पन्नाशीकडे झुकलीत, तरी त्यांच्या फोनवरच्या ग्रुपचं नाव 'दहा-दहा' आहे.

आठ अंकांच्या संख्येला मात्र एक हजार सत्तर भाग लागणार होते. म्हणजे एकशे सात पोरं. आणि सरांच्या शेवटच्या वर्षी वर्गात होती सात. मराठी माध्यमाला पोरं येतच नव्हती. "दोन्ही आकडे मूळ होते, पण काय उपयोग," सर म्हणाले. तेवढं एकच वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता.

मग निवृत्तीनंतर त्यांनी वर्षभर बसून, एकेकीच्या पटी खोडत चाळणी लावून, त्या एक हजार सत्तर मूळ संख्यांची यादी केली. दोनपासून ८५९७ पर्यंत. पुढे का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "संख्या फुटली तर जोडीनं फुटते. आणि जोडीत एक तरी ठेंगणं असतंच. मला आणि काकूला बघ. तो ठेंगणा ८५९८ च्या आतच सापडायला पाहिजे. तिथपर्यंत नाही सापडला, तर उंच पण नाही." काकू त्यांच्या कोपराला लागत. त्यांनी आतून लाटणं दाखवलं.

आणि नियम काय, तर रोज एकच भाग. अंघोळीनंतर, चहाच्या आधी. दोन घातले तर हाव सुटते म्हणे. पहिल्या दिवशी सरांनी नव्या वहीचं पान उघडलं, वर संख्या लिहिली, आणि सात कोटी एकोणचाळीस लाखांना दोननं भागलं. सगळं साग्रसंगीत, खालपर्यंत. बाकी एक. दुसऱ्या दिवशी तीननं. बाकी दोन. मी म्हटलं, "सर, शेवटी तीन आहे म्हणजे दोननं जाणार नाही हे तर मला पण कळतं." तर म्हणाले, "कळतं ना? मग बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तेव्हा मला ते नुसतं हेकट वाटलं होतं.

भाग झाला की गॅलरीत यायचे. खाली चाचा मशीनपाशी बसलेले असायचे, पण पाय पायडलवर नसायचा.

"क्या साब, आज कटी?"

"नै कटी, चाचा!"

मग मशीन सुरू व्हायची. गिऱ्हाईक आलं तरी चाचा त्याला थांबवून ठेवत. "जरा रुको मियां, वो ऊपर से खबर आने दो." बिचाऱ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, वर कोणीतरी अत्यवस्थ आहे.

काकू त्या संख्येला सवत म्हणायच्या. "सकाळी उठल्या उठल्या तिचं तोंड बघतात. आग लागो तिला, माझा चहा रोज निवतो." आणि गंमत म्हणजे भाग पूर्ण होईपर्यंत स्वतःही चहा घ्यायच्या नाहीत.

एकदा मी सरांबरोबर कोठीला फळं आणायला गेले. त्यांनी केळी मागितली तेरा. केळेवाला वैतागला. "साब, बारा लेव नै तो चौदा लेव, तेरा का क्या हिसाब है?" सर म्हणाले, "बाराला दोन भागतो, तीन भागतो, चार भागतो, सहा भागतो. घरी नेईपर्यंत काही उरत नाही." तेराच घेतली. आणि ते तेरावं केळं काही घरी पोहोचलं नाही, कारण ते त्यांनी वाटेतच मला दिलं.

तीन वर्षं अशी गेली. माझ्या दोन नोकऱ्या बदलल्या, एक लग्न ठरता ठरता मोडलं, दुसरं ठरलं, आणि खाली रोज सकाळी संख्या कटत नव्हती. खोटं का बोलू, कंटाळा यायचा. पण ज्या दिवशी मी तापात झोपून राहिले आणि 'नै कटी' ऐकू आलं नाही, त्या दिवशी उगाच चुकल्यासारखं झालं होतं.

यादी संपायला चाळीसेक भाग उरले आणि सरांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. एक डोळा आधीच अधू, दुसऱ्याचं ऑपरेशन. काळा चष्मा, थेंब, आणि वाचन बंद. सरांनी डॉक्टरांना सांगितलं, "वाचत कुठे आहे? भागतोय." शेवटी काकूंनी तह केला. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. भाग घालायचा आणि उठायचं. ताळा करायचा नाही. ताळा म्हणजे उत्तर बरोबर आहे का ते उलटा गुणाकार करून पडताळणं. एरवी सर ताळ्याशिवाय पान उलटत नसत. आणि स्वतःच्या बारीक अक्षरातली वही बघायची नाही. रोज सकाळी मी एका कोऱ्या कागदावर स्केचपेननं मोठ्ठी संख्या आणि त्या दिवशीची मूळ संख्या लिहून द्यायची.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाचते, पण अंक लिहायला गेले की माझ्या चारचा पाच होतो. "इंग्रजीत लिहिले तर चालतील?" म्हटलं.

"चालतील की. आकडा कुठल्या पण शर्टात आकडाच."

मग मी रोज सकाळी, एक पाय चपलेत घालून, 73939133 लिहायची आणि मेट्रोकडे पळायची. आठदहा दिवस सुरळीत गेले.

त्या दिवशी कागद देऊन मी डबा भरायला परत वर गेले होते, तो घेऊन जिना उतरत होते. चाचांनी खालून हाक मारली, "क्या साब, आज कटी?"

वरून काही नाही.

चाचांनी परत विचारलं. परत काही नाही. मग ते गळ्यात टेप घेऊन जिना चढून आले. मी पण मागे वळले. सर टेबलाशी बसले होते. पुढ्यात माझा कागद, खाली एक शून्य, शून्याभोवती गोल.

"कटी, चाचा," सर म्हणाले.

"या अल्ला," म्हणून चाचा उंबऱ्यातच बसले.

आठ हजार दोनशे एक्याण्णवनं भाग गेला होता. एक हजार एकोणचाळीस दिवस भागली नाही ती एक हजार चाळिसाव्या दिवशी भागली. भिंतीवर संख्येची आठ अंकांची अख्खी कतरण टाचून ठेवलेली असायची, ती सरांनी काढून हातात गुंडाळली होती. चहा तसाच होता. काकू ओट्यापाशी गेल्या, परत आल्या, पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाल्या, "अगं, काय झालं गं माझ्या सवतीला?" आणि रडायला लागल्या. तीन वर्षं जिला आग लावत होत्या, तिच्यासाठी!

सर मात्र शांत होते. तेच मला बघवेना. म्हणाले, "फोन काढ. ग्रुपवर लिही. संख्या फुटली, समारंभाला येऊ नका. आणि पुढे लिही, सरांनी तुम्हाला जे खरं म्हणून शिकवलं ते ऐकीव होतं." शेवटच्या भागाच्या दिवशी ती सगळी 'दहा-दहा' मंडळी येणार होती, कोणी पुण्याहून, कोणी आखातातून, तिकिटं काढून. "तीस वर्षं पोरांना सांगितलं, म्हणतात वर विश्वास ठेवू नका. आणि मी स्वतः दुसरं काय केलं?"

मी फोन हातात धरून उभी. तीन वर्षांपूर्वी गिळलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. ही संख्या फुटत नाही, मला माहीत आहे, सेकंदात कळलंय! पण सांगून काय झालं असतं? त्यांच्या हातानं शून्य आणलंय आणि मी म्हणणार, फोन म्हणतो. त्यांनी ते ऐकलंही नसतं, आणि वर मी तीन वर्षं तोंड शिवून त्यांची गंमत बघत होते असं झालं असतं. चूक सापडायला पाहिजे होती. आणि शोधणार कोण? तर एक्याण्णवला मूळ म्हणणारी!

"लिहिते," म्हटलं. "आधी बघू तरी द्या, कितीनं फुटली ते नीट लिहायला."

कागद ओढून घेतला. भाग घालणारी संख्या ८२९१. भागाकार ८९१८. आता यांचा गुणाकार केला तर सरांची संख्या यायला हवी, एवढं मला कळत होतं. पण चार अंकी गुणिले चार अंकी, फोनशिवाय? देवा रे. गुणाकार शेवटच्या अंकापासून सुरू करतात एवढं आठवलं. शाळेत पहिल्या पायरीच्या पुढे माझी मजल कधी गेलीच नव्हती. शेवटचे अंक बघितले. इकडे एक, तिकडे आठ.

"सर," मी म्हटलं, "आठ एके आठ ना?"

"हं."

"म्हणजे गुणाकाराच्या शेवटी आठ येणार."

"हं."

"पण तुमच्या संख्येच्या शेवटी तर तीन आहे."

सरांनी मान वर केली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण हातातली कतरण सुटून खाली पडली. त्यांनी माझ्या हातून कागद हिसकावला आणि गॅलरीत उजेडात गेले, चष्मा कपाळावर केला. "चष्मा! अहो चष्मा!" काकू रडता रडता ओरडल्या.

"इकडे ये," सर म्हणाले. "हा कुठला अंक आहे?"

"तीन, सर."

"हा?"

"तीनच."

"आणि हा शेवटचा?"

मी बघितलं. काय सांगू! मेट्रो गाठायच्या घाईत लिहिलेला माझा तीन. वरची गाठ बंद, खालची गाठ बंद. देवाशपथ, आठ होता तो.

"मी केलं ते, सर," म्हटलं. "माझ्यामुळे झालं."

सरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी गॅलरीच्या कठड्यावरच कागद ठेवून शेवटची पायरी परत केली. खरं तर तिथं ६६३२३ आले होते, आणि माझ्या आठामुळे ते ६६३२८ झाले. पहिल्याच पायरीत वर ६६३२८ लिहिलेले होते, आठ गुणिले ८२९१. खाली तेच दिसल्यावर हात आपोआप आठ लावून मोकळा झाला. "खरी बाकी ८२८६," सर पुटपुटले. मग एकदम खाली वाकून असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

"चाचा! नै कटी! पाच से बच गई!"

चाचा माझ्या मागे उंबऱ्यातच बसले होते हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. "इधर हूं साब," चाचा म्हणाले आणि डोळे पुसत जिना उतरले. थोड्या वेळानं खाली मशीन सुरू झाली.

मग सरांना हसू आलं, ते काही केल्या थांबेना. "शेवटी आठ! अगं, शेवटी आठ असता तर पहिल्याच दिवशी दोननं फुटली असती ती! आणि मी, तीस वर्षांचा मास्तर, हजार चाळिसाव्या दिवशी..." पहिल्या दिवशी मी ज्याला हेकटपणा म्हटलं होतं, तो दोननं घातलेला भाग मला तेव्हा आठवला. काकू म्हणत होत्या, हसू नका, डोळ्याला पाणी लागेल. आणि स्वतः नाक शिंकरत हसत होत्या.

हसू ओसरल्यावर सरांनी मला समोर बसवलं.

"तुला माहीत होतं."

"काय सर?"

"शून्य आलं. काकू रडली, चाचा बसले. तू एकदा पण अरेरे म्हणाली नाहीस. तू चूक शोधायला लागलीस. फोनला कधी विचारलंस?"

"पहिल्याच आठवड्यात," मी खाली मान घालून म्हटलं.

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? ते 'म्हणतात' झालं असतं."

सर काकूंना म्हणाले, "चहा गरम कर. हिला पण दे. एक्याण्णववाली पास झाली."

पण शिक्षा झालीच. उरलेले तीस दिवस संख्या मराठीत लिहायची. चाचांकडून कतरण आणायची, तिच्यावर अंक गिरवायचे. एकतीस वर्षांच्या आयुष्यात मी एवढ्या निगुतीनं काही लिहिलं नसेल. माझा चार आता चारच येतो.

शेवटच्या दिवशी चाळिसांपैकी एकोणीस जण आले. सरांना आनंद दुप्पट, कारण वीस आले असते तर भागले गेले असते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा दुकान बंद करून वर आलेले, काकूंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. सर टेबलापाशी आले, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मी? सर, नको, चुकेल माझं."

"बस की. ताळा मी करतो."

बसले. ७३९३९१३३ भागिले ८५९७. आठाचा भाग लावला. खाली ५१६३. एक उतरवला. सहाचा भाग लावला, वजा केलं, आणि उरले फक्त एकोणपन्नास. मागे कोणीतरी श्वास ओढला. एकोणपन्नास म्हणजे संपतच आलं की! तीन उतरवला. चारशे त्र्याण्णव. भाग जात नाही, वर शून्य. शेवटचा तीन. तो नीट बघितला, तीनच होता. उतरवला. चार हजार नऊशे तेहतीस. भाग जात नाही, वर शून्य. आता उतरवायला काही उरलं नव्हतं.

मी पेन ठेवलं. चाचांनी पण विचारलं नाही. सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून कागद बघितला, ओठ हलवत ताळा केला, आणि मग सगळ्या वर्गादेखत खडूनं टेबलावर टकटक करून विचारलं,

"काय गं, फुटत नाही?"

"नाही फुटत, सर."

"असं म्हणतात?"

"नाही सर," मी म्हटलं. "मी भाग घालून बघितलंय."